बरणीतले चार टायर

आमच्या घरातली सगळ्यांत लाडावलेली वस्तू म्हणजे एक लाल मोटार. खरी नव्हे, रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची. माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त झाले हे मी आजही तोंडावर सांगते, आणि अण्णा दर वेळी "काहीतरीच तुझं" म्हणतात. अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही बंगळुरातल्या बसवनगुडीतले पिढ्यानपिढ्यांचे मराठी. घरात वडिलांना अण्णा म्हणायचं आणि बाहेर भाजीवाल्यालाही अण्णाच म्हणायचं, यात आम्हाला काही वावगं वाटत नाही.

मी नऊ वर्षांची असताना अण्णांना त्यांच्या कारखान्यानं सहा महिने जपानला शिकायला पाठवलं होतं. परत येताना लोक साड्या आणत, कॅमेरे आणत. अण्णांनी एक खोका आणला. त्यात गाडी नव्हतीच, गाडीचे तुकडे होते: पांढऱ्या पिशव्यांत स्क्रू, दातेरी चक्रं, चार काळेभोर टायर. "तुझ्यासाठी आणलीय हं," असं मला सांगून ते महिनाभर रोज संध्याकाळी हॉलमध्ये पालथे पडून ती जोडत बसले. मला हात लावायची परवानगी नव्हती. जोडून झाल्यावरसुद्धा रिमोट माझ्या हातात आणि माझ्या अंगठ्यावर त्यांचा अंगठा, अशी आमची तऱ्हा. माझ्यासाठी म्हणे! नऊ वर्षांची असले तरी मी काही खुळी नव्हते.

मग गाडी शोकेसमध्ये गेली. त्या काळी फॉरेनची वस्तू वापरायची नसते, राखायची असते, असा आमच्याकडे कायदाच होता. जपानी खोक्यातल्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती काचेमागे बसली. वर्षातून एकदा, आयुधपूजेला, तिला बाहेर काढायचे. त्या दिवशी बंगळुरात सायकलीपासून बसपर्यंत जे जे चाकावर चालतं ते धुतलं जातं, त्याला हळदकुंकू लागतं, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतात. आमच्याकडे अण्णांच्या स्कूटरची पूजा व्हायची आणि तिच्या शेजारी या गाडीची. लिंबावर ती चढेना, चारी चाकं हवेत फिरत राहायची, म्हणून आई आधीच पायानं लिंबं दाबून चपटी करून ठेवायची. आणि पूजेच्या आधी ती टायरना खोबरेल लावायची. केसांना लावतात तसं, बोटांनी, मायेनं, चांगलं जिरवून. टायर असे चमकायचे की बघत राहावं. दहा मिनिटं अंगणात चालली की गाडी पुन्हा पिशवीत, पिशवी पुन्हा काचेमागे. असं चाळीस वर्षं चाललं. मध्ये मी शिकले, नोकरीला लागले, लग्न केलं, ते मोडून परत याच घरात वरच्या खोलीत राहायला आले, केस पिकले. गाडी होती तशीच होती.

गेल्या वर्षी अण्णांच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू दोन्हीकडचे आधीच काढले होते, आता पडदा. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला आणि त्याचा मधला भाग पेन्सिलीनं काळा केला. कडेकडेचं राहील, म्हणाल्या, मधलं जाईल. घरात चालता-फिरता येईल, पण ज्याच्याकडे सरळ बघाल ते पुसल्यासारखं होईल. यावर चष्मा नाही, ऑपरेशन नाही, आणि किती दिवसांत होईल तेही सांगता येत नाही. आम्ही तिघं आटोतून परत आलो. घराच्या फाटकाशी अण्णा म्हणाले, "स्वल्प धूसर आहे, एवढंच. उगीच तोंडं पाडू नका." पुढे जो विचारेल त्याला हेच उत्तर, आणि आम्हालाही तेच ऐकायचं होतं.

एका रविवारी सकाळी उप्पीट खाऊन झाल्यावर ते मला म्हणाले, "ती गाडी काढ गं. दिसतंय तोवर एकदा मनासारखी चालवून घेतो. इतकी वर्षं नुसती राखली."

आई हातातली बशी घेऊन स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मी जुन्या बॅटरीच्या जागी नवीन बसवली. अण्णा हॉलमध्ये खुर्चीवर बसले, पाय अनवाणी, रिमोट मांडीवर. आमची जमीन जुन्या पद्धतीची, लाल सिमेंटची, आईनं घासून घासून आरशासारखी केलेली. त्या जमिनीवर गाडी सुटली आणि काय सांगू, खडखडखडखड असा आवाज की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. रबर म्हणून काही उरलंच नव्हतं, चार दगड बांधल्यासारखे टायर झाले होते. वळवली की गाडी घसरायची, घसरत घसरत टेबलाच्या पायाला धडकायची. तरी अण्णा खूश. मान एका बाजूला कलती करून, डोळे अर्धे मिटून, ध्यान लागल्यासारखे ते गाडी फिरवत होते. त्यांना इतकं शांत मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

पण माझा स्वभाव! अर्धवट काम बघितलं की माझं डोकं फिरतं.

"अण्णा, टायर बाद झालेत. मी दुरुस्त करते."

"राहू दे की. चालतेय."

"कसली चालतेय, घसरतेय नुसती. मनासारखी चालवायची म्हणालात ना? मग मनासारखीच चालवा. थोडे दिवस थांबा."

"थोडे म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. मी तोवर पहिला टायर ओढून काढायला लागले होते. रिमवर नुसते दाबून बसवलेले असतात ते, चिकटवलेले नसतात.

आधी मी ते उकळत्या पाण्यात टाकले. पाच मिनिटांत इडलीसारखे मऊ. मी आनंदानं अण्णांना हाक मारली, ते जिना उतरेपर्यंत टायर पुन्हा दगड. तेव्हा आमच्या कंपनीतले एक गृहस्थ आठवले. नागपूरचे, माझ्याच वयाचे, के. आर. पुरमला राहतात आणि रविवारी अशाच गाड्या घेऊन मैदानावर जातात. मी एक टायर जेवणाच्या डब्यात घालून ऑफिसात नेला. त्यांनी तो टेबलावर आपटून बघितला. टक टक वाजला.

"बाप्पा! हे तर पार दगड होऊन राहिलं. काय लावलं होतं याले?"

"खोबरेल."

"खोबरेल? टायरले?"

"दर आयुधपूजेला."

"किती वर्षं?"

"चाळीस."

त्यांनी टायर खाली ठेवला आणि आधी कॉफी संपवली. मग त्यांनी समजावून सांगितलं की रबराला तेल सोसत नाही, आधी फुगतं, मग वर साल धरते, त्यात वर्षानुवर्षं बंद पिशवी. या मापाचे नवे टायर आता निघत नाहीत, तेव्हा आहेत तेच वाचवायचे. "गंधपुरा तेल आणा," ते म्हणाले. "सांधे दुखले का लावतात ते. एक भाग तेल, तीन भाग थिनर. काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवा, गॅसपासून दूर. आणि घाई नका करू मॅडम, रबर आपल्या टाइमनं येते." जाता जाता म्हणाले, "तुमची मराठी ऐकली का मले वाटते मी दीडशे वर्षं मागं गेलो."

"आणि तुमची ऐकली की मला इडलीवर तर्री ओतल्यासारखं वाटतं," मी म्हटलं. ते खदखदून हसले. माणूस भला आहे.

पहिला आठवडा नुसता धुण्यात गेला. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. टायरच्या खाचांतून तपकिरी चिकटा निघत होता, आणि त्यात मधूनच कुंकवाचा लाल कण. किती वर्षांपूर्वीचं असेल ते कुंकू, मी कुठल्या वर्गात असेन तेव्हा, असा विचार करत मी मागच्या पायरीवर बसून राहायची. आई शेजारी येऊन बसली.

"मीच बिघडवले म्हण की."

"हो, तूच," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड म्हणून नाही. आई उठून गेली. टूथब्रश हातात धरून मी बसले आणि मला माझीच चीड आली. या बाईनं रबराचे टायर पोरीच्या केसांसारखे जपले, आणि मी तिला काय बोलले! संध्याकाळी मी तिच्याकडे तिची सगळ्यांत चांगली लोणच्याची काचेची बरणी मागितली. दुसरी कुठलीही चालली असती. तिनं ती पुसून माझ्या हातात दिली, आणि मग आमचं पुन्हा सुरळीत झालं.

गंधपुरा तेल ग्रंधिगे अंगडीत मिळालं, जिथे पूजेच्या सामानापासून काढ्याच्या मुळ्यांपर्यंत सगळं मिळतं. दुकानदारानं "गुडघे का अक्का?" म्हणून आपुलकीनं विचारलं. टायरचे, असं मी सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. "हो, गुडघेच," म्हणून मी बाटली घेतली. ती अर्धी आईनं घरी आल्या आल्या खरोखरच आपल्या गुडघ्यांना लावायला काढून घेतली.

पुढच्या दिवसांचं मला आता सलग काही आठवत नाही. ते दिवस एकमेकांत विरघळून गेलेत. वरच्या गच्चीच्या सावलीत बरणी, तिच्यात चार काळी वेटोळी, त्यांच्यावर पिवळसर पाणी. सकाळचं काम आटोपलं की मी वर जायची आणि बरणी हातात धरून स्वल्प हलवायची. टायर सावकाश फिरायचे, एकमेकांना टेकायचे, सुटायचे. झाकण उघडलं की तो गोड, थंड, औषधी वास सबंध जिन्यात उतरायचा. आईच्या गुडघ्यांनाही तोच वास. दुपारी घरात जिथे जावं तिथे तो असायचा, आणि मला वाटायचं की घरातलं सगळंच मुरत ठेवलंय, मीसुद्धा. कंपनीच्या मीटिंगमध्ये लोक बोलत असायचे आणि मी कॅमेरा बंद करून अंगठा आणि बोट एकमेकांवर दाबून बघायची, टायर आता एवढा मऊ झाला असेल का, एवढा?

अण्णा रोज विचारायचे. "झाले का?"

"होतायत अण्णा. रबर आपल्या टाइमनं येतं."

"सरी, सरी," ते कानडीत होकार भरायचे. पण एकदा ते जिन्याच्या तळाशी कठड्याला धरून उभे होते, आणि म्हणाले, "फार नको गं लांबवूस." मी वरूनच "तुम्हाला ना जराही दम नाही" म्हणून ओरडले. ते पेपर हल्ली आईकडून वाचून घेत होते. तुझा आवाज छान आहे, तूच वाच, असं तिला सांगून. मला वाटलं म्हातारपणी नवरेपणाचं कौतुक सुचलं.

बरणीतून काढले तेव्हा टायर फुगून मोठे झाले होते. रिमवर बसेनात, गरागरा फिरायला लागले. माझं धाबं दणाणलं. चाळीस वर्षांची वस्तू आणि मी तिची वाट लावली. नागपूरकरांना फोन लावला तर ते जांभई देत म्हणाले, "वाळू द्या न. आटतात ते." मग मी चारी टायर गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी अडकवले. आठवडाभर ते तिथे आईच्या साड्यांशेजारी वाऱ्यावर हलत होते. एका दुपारी एकाला बोट लावलं तर ते आत गेलं, आणि सोडलं तर रबर सावकाश पुन्हा आपल्या जागी आलं. मी तिथेच गच्चीवर खाली बसले. इतका आनंद मला प्रमोशनचाही झाला नव्हता.

रविवारी सकाळी अण्णा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून हॉलमध्ये आले. त्याच खुर्चीवर बसले, पाय अनवाणी. मी गाडी त्यांच्यासमोर दहा पावलांवर ठेवली आणि जरा मिजाशीतच म्हणाले, "चला अण्णा. आता बघा."

त्यांनी खटका पुढे केला. गाडी निघाली. अहाहा, काय निघाली! लाल जमिनीवरून लाल गाडी नुसती वाहत गेली. घसरणं नाही, खडखड नाही. अण्णांनी खटका वळवला आणि ती जमिनीला धरून एका सुरेख गोलात वळली, त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावरून गेली, पुन्हा वळली. मी टाळी वाजवायला हात उचलले.

"अगं, सुरू होईना की," अण्णा म्हणाले. "बॅटरी गेली वाटतं."

गाडी तेव्हा त्यांच्यासमोर फिरत होती.

माझे हात तसेच वर राहिले. मोटारीचा बारीक गुंईं आवाज मला ऐकू येत होता, त्यांना येत नव्हता. बारीक आवाज त्यांचे कधीच गेलेत, दारावरची चिमणीची बेलही त्यांना कळत नाही. लाल जमिनीवरची लाल गाडी त्यांच्या उरलेल्या कडेच्या नजरेत उठून दिसत नव्हती. मागच्या वेळी ती खडखड होती. ती त्यांनी कानांनी ऐकली, अनवाणी तळव्यांनी ऐकली, आणि त्या आवाजावर गाडी चालवली. डोळ्यांनी नव्हे. तेव्हाही नव्हे. आणि राहू दे, चालतेय, असं हा माणूस मला सांगत होता, आणि मी त्यालाच बोल लावून त्याची गाडी त्याच्यापासून इतके आठवडे हिरावून घेतली होती.

आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला हे सगळं ठाऊक होतं हे मला तिच्या नजरेतच कळलं.

"हो अण्णा," मी म्हणाले. आवाज नीट निघाला, देव पावला. "बॅटरीच आहे. एक मिनिट हं."

मी गाडी उचलली, जमिनीवर फतकल मारून बसले आणि टायर काढायला लागले. एकेक. इतके मऊ झाले होते की नुसतं बोट घातलं तरी सुटून येत होते. खाली उरली प्लॅस्टिकची उघडी चाकं, कडा धारदार. मी आईकडे बघितलं. तिच्या या जमिनीवर आम्ही साधी खुर्ची ओढलेली तिला खपत नाही. ती पुढे आली, टेबल तिनं स्वतःच एका बाजूला सरकवलं, आणि मला हलक्या आवाजात म्हणाली, "सोड."

मी गाडी सोडली. खडखडखडखड! पहिल्यापेक्षा दुप्पट. लाल जमिनीवर पांढरे ओरखडे उठत गेले. अण्णांचे तळवे जमिनीवर घट्ट टेकले आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी गाडी डावीकडे वळवली, ती आडवीच घसरत गेली, भिंतीला थडकली, मागे आली, पुन्हा सुटली.

"आता कसं!" अण्णा ओरडले. "टायर काय मस्त झालेत गं! बघ कशी वळतेय. तुझ्या हाताला यश आहे हो."

चारही टायर माझ्या मुठीत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून रडत होते, तोंडावर हातसुद्धा न घेता. अण्णा सरळ माझ्याकडे बघत होते आणि हसत होते.